कुणाला न दिसता

“आपण बगितल्यालं तिकडं कळतंय का, ताई?”

खुपसेकाका माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे वाक्य. त्याला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा बार्शीतल्या एका लहानशा वाचनालयात ग्रंथपाल होते. खाली वर्तमानपत्रांची खोली, वर पुस्तकं, आणि पुस्तकांच्या खोलीतच माझ्या टेबलाशेजारी दोन संगणक. परीक्षांचे अर्ज भरायला मुलंमुली यायची. हे गृहस्थ रोज सकाळी खाली पेपर वाचताना दिसायचे, पण वर कधी आले नव्हते. उंच, वाळलेले. सदऱ्याच्या खिशाला लोक पेन लावतात तसा त्यांनी टेस्टर लावलेला असायचा. वीजमंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले आहेत, एवढंच मला ठाऊक होतं.

“काय बघितलेलं?” मी विचारलं.

त्यांनी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर इंग्रजी अक्षरं होती, एकेक सुटं, चित्र काढावं तसं काढलेलं. इन्स्टाग्रामवरच्या एका खात्याचं नाव होतं ते. पुण्यात कुणी घरी केक करून विकत होतं, त्याचं.

“यातलं फोटू बगायचं हायेत. पर बगितलं की त्या मानसाला कळतंय म्हणत्यात. कोण आलं, कवा आलं.”

“तुमचं स्वतःचं खातं आहे का?”

“न्हाई. आन काढायचंबी न्हाई.”

तेव्हा एक साइट होती. तिथं नाव टाकलं की ज्यांनी आपलं खातं सगळ्यांसाठी उघडं ठेवलंय त्यांचे फोटो दिसायचे. आपलं खातं लागत नसे, पासवर्ड नाही, काही नाही. समोरच्याला पत्ताही लागत नसे. अभ्यासाला येणाऱ्या एका मुलीनं मला ती दाखवली होती. ती स्वतः कुणाकुणाला बघायची ते मी विचारलं नव्हतं. मी काकांना खुर्ची दिली आणि नाव टाकलं.

केकचे फोटो आले. गुलाबी, पांढरे, क्रिकेटच्या मैदानासारखा एक हिरवा. काका एकेका फोटोवर थांबत होते. मला वाटलं, कुणाच्या वाढदिवसासाठी बघत असतील.

“कुठला आवडला?”

“केक न्हाई बगत, ताई.” त्यांनी स्क्रीनच्या अगदी जवळ बोट नेलं, पण काचेला लावलं नाही. केकखाली धरलेला एक हात फोटोत आला होता. “हात तिचा हाय.”

मी पुढचा फोटो काढला. त्यात एक बाई हसत उभी होती, कडेवर लहान मुलगी, मुलीच्या नाकाला क्रीम लागलेलं.

“हे लेकरू कुनाचं?”

खाली लिहिलेलं मी वाचून दाखवलं. “आमची मैत्री आज तीन वर्षांची झाली.”

ते उठले, माठातलं पाणी प्यायले, परत येऊन खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. “पुढच्या गुरुवारी येऊ का?” म्हणाले. “गुरुवारी घरी दत्ताच्या देवळाचं सांगता येतंय.”

अशी सुरुवात झाली. पुढं दीड वर्ष ते दर गुरुवारी अकराला यायचे, दहा मिनिटं बसायचे आणि जायचे. ती कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. तिचं कपाळ आणि त्यांचं कपाळ एकच होतं.

थोडं थोडं कळत गेलं. मुलीचं नाव सुवर्णा. कॉलेजात असताना मिलिंद नावाच्या मुलाशी तिनं लग्न केलं. जातीबाहेरचं. काकांनी घरात तिचं नाव बंद केलं. थोरला मुलगा अंकुश तर बापाच्या वरचढ. तिचं नाव काढणाऱ्याशी तो अजून भांडायचा. पुण्यातल्या कुणा जुन्या सहकाऱ्यानं नातवाच्या वाढदिवसाला केक मागवला, खोक्यावर नाव बघितलं आणि काकांना ही चिठ्ठी लिहून पाठवली.

“काकूंना दाखवलंत का?” मी एकदा विचारलं.

“ती गेली दोन वर्सामागं.” थोडं थांबून ते म्हणाले, “पोरीला कळवलं न्हाई आमी.”

मी माऊस फिरवत राहिले.

एका गुरुवारी सुवर्णानं नवा ओव्हन घेतल्याचा फोटो होता. ओव्हनला हळदकुंकू वाहिलेलं, शेजारी मैत्री दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी. मी म्हटलं, “छान चाललंय हो त्यांचं.” काका मात्र पुढं वाकले होते.

“ह्ये मोठं करता येतंय का? ह्या कोपऱ्यात. बोर्ड दिसतोय तो.”

मी मोठं केलं. भिंतीवरच्या साध्या प्लगमधून एक लांब वायरीचा बोर्ड घेतलेला, त्याच्यातच ओव्हन आणि त्याच्यातच मिक्सर.

“पाच ॲम्पियरचा हाय ह्यो. आन पिन बगा, काळी पडलीय. वायर तापतीय.” त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “लाकडी फळीवर ठिवलाय. लेकरू तिथंच उभं हाय. ताई, ह्ये तिला सांगाया पायजे.”

“सांगू या की. तुमचं खातं काढू, दोन मिनिटांचं काम आहे.”

“माज्या नावानं न्हाई.”

“का पण?”

“वळखंल.”

“मग ओळखू दे ना, काका! सात वर्षं झाली. तिला आनंदच होईल.”

“आन न्हाई झाला तर?” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “दार लावून घेतलं तर? आता निदान बगाया तरी मिळतंय.”

शेवटी मी माझ्या खात्यावरून लिहिलं. त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: तुमच्या ओव्हनचा फोटो बघितला. बोर्ड बदलून घ्या. ओव्हनला पंधरा ॲम्पियरचा वेगळा पॉइंट घ्या, जाड वायर आणि अर्थिंग. तोवर ओव्हन लावू नका. खाली माझं नाव. ते दोनदा वाचून घेतलं त्यांनी आणि मग म्हणाले, “मुलीला जवळ ठेवू नका, ह्येबी घाला.”

उत्तर दुसऱ्या दिवशीच आलं. मी गुरुवारची वाट न बघता खाली गेले आणि पेपर वाचणाऱ्या काकांना वर बोलावलं. ते खुर्चीच्या कडेला बसले, आणि मी वाचलं.

“थँक्यू ताई. आजच माणूस बोलावून पॉइंट करून घेतला. तो पण म्हणाला, अजून चार दिवस असंच चाललं असतं तर वायर पेटली असती. माझे वडील वायरमन आहेत. त्यांनी हे बघितलं असतं तर आधी बोर्ड उपटून फेकला असता आणि मग मला बोलले असते. तुम्हाला फोटोतून कसं दिसलं हो? तुम्ही कोण?”

काकांनी मान खाली घातली होती.

“आहेत लिवलंय का होते?”

“काय?”

“वडील वायरमन आहेत. का होते?”

“आहेत.”

“नीट बगा.”

“आहेत, काका. हे बघा, इथं.”

त्यांनी वाचलं. ओठ हलवत, एकेक अक्षर. मग ते हसले. सव्वा वर्षात मी त्यांना तेव्हा हसताना पहिल्यांदा बघितलं. खालचे दोन दात नव्हते, तेही मला तेव्हाच कळलं.

“उत्तर देऊ ना? सांगू ना तुम्ही कोण ते?” माझी बोटं कळांवर तयारच होती.

“नगं.”

“काका!”

“नगं ताई. एवढं बास हाय. आता काय लिवू नका.”

मी लिहिलं नाही. त्यांचा शब्द मोडायचा नाही, असं मला वाटलं. त्यानंतरच्या गुरुवारी ओव्हनचा आणखी एक फोटो आला होता. भिंतीवर नवा पांढरा पॉइंट. काकांनी तो फोटो इतका वेळ बघितला की मागं रांगेत असलेल्या मुलानं घसा खाकरला.

हे ऑगस्ट अखेरीचं. ऑक्टोबरात एका गुरुवारी मी नेहमीप्रमाणे अकराच्या आधीच पान उघडून ठेवलं, त्यांना ताटकळावं लागू नये म्हणून. वरती सुवर्णाचा फोटो होता, पण केक नव्हता. नुसता चेहरा. खाली मिलिंदनं लिहिलं होतं:

“माझी पत्नी सुवर्णा बारा तारखेला पहाटे डेंग्यूनं गेली. आठ दिवस दवाखान्यात होती. ज्यांनी दिवाळीच्या ऑर्डरी दिल्या आहेत त्यांनी कृपया दुसरीकडे सोय करावी. त्रासाबद्दल माफ करा.”

मी ते परत वाचलं. खाली लोकांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकलेली. जिन्यावर काकांची पावलं वाजत होती. एक पाय ते किंचित ओढत चालायचे, त्यामुळं आवाज ओळखू यायचा. शेजारच्या संगणकावर दोन मुली अर्ज भरत होत्या, पलीकडं शिपाई पुस्तकं लावत होता. या सगळ्यांच्या समोर, या खुर्चीवर बसवून, मी या माणसाला काय वाचून दाखवणार होते?

मी पान बंद केलं.

“आज दिसत नाही, काका,” मी म्हटलं.

“लाइन गेली का?”

मी तेवढं ‘हो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. आठवडा मिळाला असता. पण शेजारच्या मुलींचा संगणक चालू होता आणि ते तिकडंच बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “नाही, लाइन आहे. तिनं खातं प्रायव्हेट केलंय. म्हणजे आता बाहेरच्यांना दिसत नाही. तिनं परवानगी दिलेल्यांनाच दिसतं.”

“कायमचं?”

“सांगता येत नाही.”

ते उभेच राहिले. हाताची बोटं एकमेकांवर घासत होते.

“वळखलं तिनं,” म्हणाले. “बोर्डाचं लिवाया नको व्हतं.”

“तसं नसेल हो. लोक करतात असं. काहीतरी कारण…”

“दुसरं काय कारण आसणार? इतकी वर्सं उघडं व्हतं. आपण लिवलं, आन दीड म्हयन्यात बंद केलं.” ते जिन्याकडं वळले. “चालतंय.”

मी त्यांच्या मागं गेले नाही. पुढच्या गुरुवारी सांगू, असं ठरवलं. त्यांच्या घरी जाऊन सांगू, म्हणजे त्यांची माणसं जवळ असतील. पण घरी कोण? अंकुश. मग ठरवलं, देवळापाशी गाठू. मी काय काय ठरवलं ते आता आठवलं की माझीच मला लाज वाटते. दर गुरुवारी ते अकराला यायचे, खुर्चीवर बसायचेही नाहीत, नुसतं विचारायचे, “उघडलं का?” आणि मी म्हणायचे, “नाही, काका.”

दिवाळीनंतरच्या गुरुवारी ते जरा जास्त वेळ थांबले. “भाऊबीजेला तरी उघडंल वाटलं व्हतं,” म्हणाले. मी रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. मी काहीच लिहीत नव्हते.

असे सहा गुरुवार गेले. सातव्या गुरुवारी ते साडेदहालाच आले. नवा सदरा, इस्त्रीचा. हातात कापडी पिशवी. वर फक्त मी होते; शिपाई बँकेत गेला होता.

“ताई, पुण्याला निगालोय. केकच्या खोक्यावर पत्ता न्हाई, नुसता फोन नंबर व्हता आन तो त्या मानसानं हरवला. तुमी तिला लिवून पत्ता इचारा. माजं नाव सांगून इचारा आता. खुपसे इचारतोय म्हणून सांगा.”

“एकदम कसं काय?”

ते खुर्चीत बसले. पिशवी मांडीवर घेतली.

“पयल्यांदा लई राग आला. त्या दिवशी हितनं घरी गेलो. म्हनलं, एवढं काय मोठं केलं व्हतं मी? बोर्ड बदल म्हनलं, त्यात काय वाकडं लिवलं? लेकराच्या काळजीनंच लिवलं ना? तर बापाच्या तोंडावर दार लावती?” ते थांबले. “तिचा येक फोटू व्हता माज्याकडं. लगीन केलं तवा बाकीचं सगळं अंकुशनं फेकलं, त्यो येक मी इजेच्या बिलांच्या फायलीत लपवला व्हता. शाळंतल्या गॅदरिंगचा. दुसरीत आसंल. त्यो जाळला त्या दिवशी.”

“काका…”

“ऐका. मग राग उतरला. आता सा आठवडं झालं, रोज इचार करतोय. तिनं दार लावलं त्ये बरोबरच हाय. मी सात वर्सं लावलं व्हतं, तिनं दोन म्हयनं लावलं. जातो. दारात उभा ऱ्हातो. शिव्या दे म्हणतो, मार म्हणतो. पाया पडतो तिच्या. लेकीच्या पाया पडत्यातच की आपल्यात. मला लाज न्हाई वाटत आता.” पिशवीतून एक डबा त्यांनी अर्धा वर काढून दाखवला. “शेंगाची चटणी. अंकुशच्या बायकुला म्हनलं, पाव्हण्याकडं चाललोय.”

मी उठले. त्यांच्या समोरची दुसरी खुर्ची ओढून बसले. नंतर किती वेळा मी ते वाक्य वेगळ्या शब्दांत जुळवून बघितलं, पण त्या वेळी जे आलं ते असंच आलं.

“काका, तिनं खातं बंद केलं नव्हतं. मी खोटं बोलले. सुवर्णा गेली. बारा ऑक्टोबरला. डेंग्यू झाला होता.”

ते माझ्याकडं बघत राहिले. खाली कुणीतरी पेपरची पानं उलटत होतं, तो आवाज वर येत होता.

“कवा?”

“बारा ऑक्टोबर.”

“म्हंजी त्या गुरुवारच्या आदी.”

“हो. तुम्ही जिना चढत होता तेव्हा मी वाचलं.”

“आन तुमी म्हनलात, दार लावलं तिनं.”

“मला सांगवेना. मला वाटलं, तुम्हाला…”

“दार लावलं न्हवतं तिनं,” ते स्वतःशीच म्हणाले. “उघडंच व्हतं.”

मी रडत होते. ते रडत नव्हते. डब्याचं झाकण घट्ट आहे का ते अंगठ्यानं दाबून बघत होते, परत परत.

“मेल्याल्या पोरीवर रुसलो व्हय मी? शिव्या घातल्या तिला. देवळात बसून घातल्या.” मग त्यांनी मान वर केली. “ताई, येक इचारतो. तिचं लगीन झालं त्या दिवशी मी तिच्या नावानं आंघोळ केली व्हती. मेली म्हणून. घरातल्या मोरीत, समद्यांसमोर, डोस्क्यावरनं पानी घितलं. बायकू पाया पडत व्हती, नगं म्हणत व्हती. आता परत करायची का? येका मानसाची दोनदा आंघोळ करत्यात का?”

मी त्यांच्या हाताला हात लावायला गेले तर त्यांनी हात मागं घेतला. झटकून नाही, सावकाश.

“पत्ता इचारा,” म्हणाले.

“काका, आता…”

“जावई हाय ना. लेकरू हाय ना. इचारा.”

मी सुवर्णाच्या खात्यावर लिहिलं: मी बार्शीहून लिहितेय. ऑगस्टमध्ये ओव्हनच्या बोर्डाबद्दल मेसेज केला होता, तो सुवर्णाच्या वडिलांनी सांगितलेला होता. ते पुण्याला यायचं म्हणतात. खाली माझा फोन नंबर दिला. पंधरा मिनिटांत फोन वाजला.

“मी मिलिंद बोलतोय.” बारीक, थकलेला आवाज. “कोण येणार म्हणालात?”

“सुवर्णाचे वडील.”

“आता?”

तेवढंच. मला वाटलं, तो फोन ठेवून देईल. ठेवला असता तरी मी त्याला दोष दिला नसता.

“लिहून घ्या,” तो म्हणाला आणि त्यानं पत्ता सांगितला. कात्रजकडचा होता. कुठल्या बसला बसायचं, कुठं उतरायचं, सगळं सांगितलं. मी ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून काकांना दिलं.

स्टँडपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. ते नको म्हणाले नाहीत. पुण्याची गाडी लागलेली होती. ते चढले, खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर. मी खाली उभी होते.

“काका, मी येऊ का बरोबर?”

“नगं.”

“माझं चुकलं हो. तुमच्या भल्यासाठीच…”

त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. रागानं नव्हे, पण त्या नजरेत माझ्यासाठी काही नव्हतंही.

“भल्यासाटी मीबी लई केलं, ताई,” ते म्हणाले. “तिला कुनी इचारलं न्हाई. तुमी मला न्हाई इचारलं.”

गाडी सुटली. त्यानंतर खुपसेकाका मला कधीच भेटले नाहीत. वाचनालयात ते परत आले नाहीत. ते पुण्यालाच राहिले, मिलिंद कामावर गेला की मुलीला शाळेतून आणायचे, असं पुढं कळलं. अंकुश एकदा तणतणत वाचनालयात येऊन मला नाही नाही ते बोलून गेला. मी ऐकून घेतलं. तीन वर्षांपूर्वी काका गेले, तेही मला मिलिंदच्या दोन ओळींच्या मेसेजवरून समजलं. माझ्याबद्दल ते कधी काही बोलले का, असं त्याला विचारावंसं वाटलं होतं, पण विचारलं नाही.

त्यांचा आवाज मी शेवटचा ऐकला तो त्याच दिवशी, संध्याकाळी सहाच्या सुमारास. मी वाचनालयाच्या खिडक्या लावत होते. मिलिंदचा फोन आला.

“ताई, ते आलेत. पण आत येत नाहीत.” तो दबक्या आवाजात बोलत होता. “अर्धा तास झाला, दारात उभे आहेत. बसा म्हणतोय, पाणीही नेऊन दिलं. घेत नाहीत. म्हणतात, मला आत यायचा हक्क नाही, मी इथूनच लेकराला बघतो आणि जातो. शेजारची माणसं जमायला लागली. मी काय करू? तुम्ही बोलता का त्यांच्याशी?”

“मी नको,” मी म्हटलं. “माझं नाही ऐकायचे ते. मैत्री कुठं आहे?”

“आत खेळतेय. तिला अजून नीट… तिला आम्ही सांगितलंय, पण तिला नीट समजलेलं नाही.”

“तिला पाठवा.”

फोन त्याच्या हातातच राहिला असावा. त्यानं हाक मारलेली मला ऐकू आली. मग लहान पायांची धावपळ. मग पाय थांबले. ती त्यांच्याकडं बघत असेल. उंच म्हातारा, इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. ते तिच्याकडं बघत असतील. त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी तिकडून बघत होतं.

मग तिचा आवाज आला, स्पष्ट, जरा दटावणीचा.

“आजोबा, चपला बाहेर काढून आत या. नाहीतर आई ओरडते.”



“काढतो,” खुपसेकाका म्हणाले. “काढतो, बाई.”

चपला फरशीवर पडल्याचा आवाज आला. आणि त्यानंतर जो आवाज आला तो मी आधी कधी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. फोन चालू आहे हे मिलिंदच्या लक्षात राहिलं नसावं. मी इकडून हळूच बंद केला.